मनुबाईच्या लेकीची झोप

४ मार्च १९४६, कवठे महांकाळ
दवाखान्यातून तलावाच्या कामावर गेले. वडारणी खडी फोडत होत्या. बाभळींना लुगड्याच्या झोळ्या, झोळ्यांत तान्ही पोरं. एवढा दणका, एवढं ऊन — आणि एकही पोर जागं नाही. साताऱ्याच्या इस्पितळात नर्स असताना एक रडलं की सगळी खोली रडायची. इथलीच कशी शहाणी?

५ मार्च
कालच्या वडारणींतल्या मनुबाईच्या लेकीजवळ टाळी वाजवली. हलली नाही. पापणी उचलली — बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.
"अफू देतेस?"
मनुबाईचा हातोडा थांबला नाही. "सासू देती. न्हाई दिली तर रडती. ती रडली की मी उठती. मी उठली की मुकादम म्हनतो, उद्या येऊ नगंस."
रागवायचं होतं. कोणावर, ते कळेना.

८ मार्च
सासू हरणाबाई. वाकलेल्या, हसऱ्या. कशी देता, विचारलं. काही न लपवता दाखवलं — सहाणेवर अंगावरचं दूध, त्यात अफूचा कण उगाळायचा, करंगळीनं चाटवायचा.
"माज्या पाची पोरांस्नी दिली की."
"किती जगली?"
"दोन," म्हणाल्या आणि सहाण धुवायला उठल्या.

१३ मार्च
दुपारी मनुबाई लेकीला घेऊन दवाखान्यात पळत आली. ओठ निळे, श्वास थांबत थांबत. तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडानं श्वास दिला. डॉक्टर येईतो आणि नंतरही, दोघींनी आळीपाळीनं मांडीवर जागं ठेवलं. दिवे लागायच्या सुमारास पोर रडली. गप्प करायला गेले तर मनुबाईनं माझा हात धरला. "रडू द्या तिला."

१५ मार्च
मुकादम आप्पासोंना म्हटलं, पोरं सांभाळायला एक बाई बसवा.
"तिची मजुरी कोण देनार?"
मनुबाईच बोलली — "आमी समद्या थोडी थोडी जास्त फोडतो. ती खडी सासूच्या नावावर मांडा, पोरं ती सांभाळंल. आनि मधी पाजाय सोडा." बाकीच्या माना हलवत होत्या. आप्पासो कबूल झाले. मला हे सुचलंच नव्हतं.

२ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, अफू एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. पोरं किरकिरतात, जुलाब होतात. हरणाबाई कामाजवळ घातलेल्या छपरात बसून कुणाला थोपटतात, कुणाला दगडगोट्यांत रमवतात. मनुबाईची लेक आज माझा पदर चोखत होती.

९ एप्रिल
हरणाबाई छपरात नव्हत्या. खोपटात गेले. या उन्हात कांबळं पांघरून थरथरत पडलेल्या.
"ताप आलाय का?"
"ताप न्हाई, बाई. आयनं अफू चाटवलेली, ती माजी कवा सुटलीच न्हाई. पोरांची कमी केली, तशी माजी बी करत आली. परवापास्नं समदीच सोडलीया." मग हळूच — "कुनाला सांगू नगा. पोरं देनार न्हाईत माज्याकडं."
उद्या डॉक्टरांना विचारते. नाव न सांगता.