मांगरातला रेडिओ

१२ ऑक्टोबर १९८६

रंजना बरी ना? सातवा लागला तिला — पायांची सूज उतरली का? जावई दीपकराव, वास्कोच्या बंदरात कंबर धरली होती, सुटली का? गुरुदासाचा खोकला? तांबू गाय कडबा नीट खाते ना? आणि तू रे गोकुळदासा, तू कसा?

मी बरा. म्हणजे दुखत काही नाही.

दिवा लागला की मालती अशी एकेकाची विचारपूस करायची, समोर असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. येत्या मार्गशीर्षात तिला जाऊन वर्ष होईल. आता विचारणारं कोणी नाही म्हणून कागदाला विचारतो. कागद उत्तर देत नाही, पण उठूनही जात नाही.

१५ ऑक्टोबर

गुरुदास म्हापशाहून आला. जेवला. वर बागेतल्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, गेला. शब्द नाही.

भांडण नाही हो आमचं! आम्ही बाप-लेक कधी सरळ बोललोच नाही, एवढंच. "बाबांना सांग, दिवाळीला शर्ट नको." "त्याला विचार, रविवारी दुकानावर बसशील का." सगळं मालतीच्या तोंडून. दोघेही त्याच खोलीत असायचो, तरी. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच असतं. आता सांगू कुणाला आणि विचारू कुणाला? त्याच्या ताटात भात जास्त वाढतो. तो संपवतो.

२ नोव्हेंबर

मांगरात काय चाललंय ते अनंताकडून कळलं. अनंत माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, गुरुदासाच्या बरोबरीचा. मोटारसायकलवर भाडी मारतो — पायलट. हरमलच्या गोऱ्यांना नेतो-आणतो. त्यातला एक आपल्या देशात परत जाताना टेपांची पिशवीच त्याला देऊन गेला. सगळी इंग्रजी गाणी. रॉक म्हणतात.

आता गंमत अशी की बहारीनहून जो येतो तो टू-इन-वन घेऊन येतो, आणि त्या प्रत्येकावर एफएम म्हणून एक पट्टी असते. आमच्या भागात त्या पट्टीवर काहीच लागत नाही. नुसती सळसळ, सुपात तांदूळ पाखडल्यासारखी. गुरुदास म्हापशाच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करतो. अनंताला म्हणाला म्हणे, "रिकामी पट्टी बघवत नाय."

म्हणून मग दोघांनी बिस्किटाच्या डब्याएवढं यंत्र जुळवलं आणि तार माडावर चढवली. सरकारी कागद नाही, काही नाही. मी अनंताला विचारलं, हे चालतं का? म्हणाला, "काका, गावात कोण विचारता?"

९ नोव्हेंबर

ऐकलं! दिवेलागणीला. धक्क्यावरच्या माझ्या चहाच्या दुकानातल्या सेटवर काटा सरकवत गेलो, आणि सळसळीतून एकदम पत्र्यावर दगड पडावेत तसा ढोल. मग गिटार — करवतीत खिळा अडकला की ओरडते तशी. गाणारा तर असा बोंबलत होता की त्याला कुणीतरी आत घ्या. मी बंद करणार होतो.

तेवढ्यात गाणं संपलं आणि आवाज आला. एकच शब्द — "आयकात!"

माझ्या गुरुदासाचा आवाज. आठ दिवसांत घरात ऐकला नव्हता तेवढा.

सेट चालूच ठेवला. जेवण तिथेच मागे घेऊन बसलो.

१६ नोव्हेंबर

आमच्या चोपड्याहून रेडिओ नदीपलीकडे शिवोलीपर्यंत लागतो. वर धारगळच्या हमरस्त्यावर ट्रकवाले थांबून ऐकतात असं अनंत म्हणतो — त्यातलं निम्मं सोडून द्यावं. फेरीबोटीवरचा कृष्णनाथ मात्र रोज ऐकतो. काल धक्क्यावर बोट लावता लावता म्हणाला, "काका, तुमचो रेडिओ बरो. इंग्लिशीत बोंबलता, म्हणून कोणाचीच मर्जी मोडत नाय."

पण मोडलीच. दुकानात दोघे चहा पीत होते, मराठीच्या बाजूचे. आमचा रेडिओ कोंकणीवाल्यांचा आहे असं त्यांचं म्हणणं, कारण "आयकात" म्हणतो, "ऐका" म्हणत नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही आत्ता चहा मागितलात तो कुठल्या भाषेत? तर पेले ठेवून उठले. आम्ही सगळे बोलतो एक आणि लिहितो दुसरी. मीही हे लिहितोय ते असं, आणि गाईला हाक मारतो ती तशी. दोघी एका चुलीवर नांदल्या आजवर. आता म्हणे गोव्याचं राज्य होणार आणि त्याची भाषा एकच ठरणार, म्हणून वेगळं निघायचं.

गोष्ट मांगरापर्यंत पोचली असावी.

१७ नोव्हेंबर

आज नुसती गाणी. शब्द नाही. जेवण गेलं नाही.

२५ नोव्हेंबर

अजून शब्द नाही. गाणी मला आता पाठ व्हायला लागलीत. एक जण मध्येच गिटार एकटीच रडवत नेतो, ते बरं असतं. त्यातलं एक अक्षर कळत नाही. ऐकतो. संपल्यावर वाट बघतो. दुसरं सुरू होतं.

१४ डिसेंबर

भाषेवरून सगळीकडे पेटलंय. कुठे रस्त्यावर झाडं आडवी, कुठे बस बंद. फेरीबोट एक दिवस असते, एक दिवस नसते. धक्क्यावर माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारावी याचा विचार करून मग हाक मारतात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटायला हवं.

मंगळवारी मालतीचं वार्षिक श्राद्ध. भटजी शिवोलीहून यायचे. अनंताला म्हटलं, गुरुदासाला सांग, त्या दिवशी तेवढं यंत्र बंद ठेवा. आईचा दिवस आहे.

१५ डिसेंबर

आवाज आला! शेवटच्या गाण्यानंतर, सावकाश, नीट — "फाल्यां बंद."

उद्या बंद. माझा निरोप पोचला. आणि तो बोलला. मी तांदूळ निवडत होतो, हात थांबला. आईच्या नावाने का होईना, तोंड उघडलं पोराने.

१६ डिसेंबर

सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या तर समोर सगळ्यांच्या फळ्या लागलेल्या. पोदेर पाव घेऊन आला नाही. बोट पलीकडे बांधलेली. मला वाटलं कोणी गेलं की काय. कोपऱ्यावर विचारलं तर म्हणाले, काका, आज बंद ना! रेडिओवर सांगितलं की काल.

मग ध्यानात आलं. दोनच शब्द. जो तो आपापल्या मनातलं ऐकून बसला. मराठीवाल्यांना वाटलं कोंकणीवाल्यांचा बंद, कोंकणीवाल्यांना वाटलं मराठीवाल्यांचा. दगड खायला नको म्हणून दोघांनीही पाळला.

भटजी पलीकडच्या काठावर अडकले. छत्री हलवून दाखवत होते. दुपार टळली तसे परत गेले.

मी आणि गुरुदासाने केलं काय जमेल ते. त्याने पान मांडलं, मी वाढलं. खीर लागली होती खाली. कावळा लवकर आला, त्याला बंद नव्हता. दोघे उभे होतो. आता तो काही बोलेल असं वाटलं. मीही बोलू शकलो असतो.

२० डिसेंबर

पेडण्याहून हवालदार आला. बरा माणूस. लिंबू-सोडा घेतला, मग कामाला लागला. बंद कोणी पुकारला म्हणून वरून विचारणा आहे. चोपड्याची मासळी पडून राहिली, आजारी माणसं पलीकडे नेता आली नाहीत, दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या अंगावर जायला निघालेत.

मी खरं ते सांगितलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, साहेबाला मी काय लिहून देऊ? एका बाईच्या वार्षिकाला अख्खं चोपडें बंद?"

"बाई तशीच होती," मी म्हटलं.

हसला. पण सोडलं नाही. यंत्राची तार माडावर दिसतच होती. बिनपरवान्याचं यंत्र, त्यावरून बंदची हाक — जो बोलला त्याला आत घ्यायला हवं, म्हणाला. बोललं कोण?

गुरुदास दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं.

"मी बोललो," मी म्हटलं. तो काही बोलायच्या आधी.

हवालदाराने बोलून दाखवायला सांगितलं. दाखवलं. चंद्रावती मासळी घेऊन बसते धक्क्यावर, त्या दिवशी तिची पाटी कुजली होती. तिला बोलावून ऐकवलं. "ह्योच तो मेलो," म्हणाली. आमच्या घराण्याचा आवाजच तसा, फुटक्या घागरीसारखा — आमच्या तीर्थरूपांपासून सगळ्यांचा.

यंत्र नेलं. मला संध्याकाळी पेडण्याला नेऊन परत पाठवलं. दर सोमवारी हजेरी.

२१ डिसेंबर

अनंताला म्हटलं, गुरुदासाला सांग, वास्कोला जा, रंजनाकडे. इथे थांबू नको, कोणीतरी खरं ओळखेल. पहिल्या बोटीने गेला. पिशवी खांद्याला. बोट सुटेपर्यंत दुकानाकडे तोंड करून उभा होता. मी पेले विसळत होतो. विसळून झालेले.

३ जानेवारी १९८७

रंजनाला मुलगी झाली. आनंद झाला असावा.

२ फेब्रुवारी

सोमवार. हजेरी. हवालदार म्हणाला, काका, थंडी आहे, मफलर घालत चला.

१६ फेब्रुवारी

भाषेचा कायदा झाला. कोणी फटाके लावले, कोणी दारं लावली. माझं प्रकरण मिटलं. समज दिली आणि अंगठा नको, सही करा म्हणाले. सही मराठीत केली. यंत्र परत मिळायचं नाही.

रंजनाचं पत्र आलं. शेवटी ओळ — "गुरुदास बरा आहे, बाबांना सांग म्हणतो."

११ एप्रिल

कृष्णनाथ म्हणाला, पट्टी परत रिकामी झाली. म्हटलं, हो.

३० मे

राज्य झालं. धक्क्यावर पताका लावल्या. दुकानात लाडू आले, दोन्ही बाजूंकडून. दोन्ही गोड.

संध्याकाळी सेट लावला. सळसळ. तिच्यासमोर बसून जेवलो.

२ जून

अनंत आला होता. बाकावर बसला, उठला, परत बसला. आता सगळं मिटलंय म्हणून सांगतो, म्हणाला.

"काका, रेडिओवर आवाज माजो होतो. आयकात पण माजोच, बंद पण माजोच. मी भियेलो म्हणून गप्प रवलो. गुरुदास एकदा पण बोलूक ना. मी म्हणायचो, बोल रे तू एकदा. तर तो म्हणायचो — सकल बाबा आयकतत."

सकल — खाली. म्हणजे मी.

पुतण्याचा आवाज ऐकत जेवलो इतके दिवस. पोराचा मला ओळखता आला नाही. आणि खाली कोण बसलंय ते त्याला वर ठाऊक होतं.

कागदा, आता जरा बाजूला हो.

गुरुदासा, रंजनाकडून नको, अनंताकडून नको. चूक-बरोबर, मराठी-कोंकणी, येईल तसं, पण मला लिही. लवकर लिही, बाबा.