निळा वर, तांबडा खाली

३ फेब्रुवारी

ठकीचे पत्र आले. लग्न होऊन मुलगी सासरी गेल्यापासूनचे हे तिसरे. चारच ओळी: सगळे ठीक, काळजी नसावी. खाली कोपऱ्यात आपल्या संस्थानाचा ध्वज रंगवला आहे — आणि उलटा! तांबडा वर, निळा खाली. संग्रहालयाच्या ध्वजदालनात तीस वर्षे लोकांना समजावून सांगणाऱ्याची ही मुलगी! दिव्याखाली अंधार तो हाच.

हसत हसत हिला दाखवले. ही हसली नाही. पोरीचे अक्षर नेहमीसारखे नाही म्हणाली.

५ फेब्रुवारी

उत्तर लिहिले. अडीच पाने. या विषयावर हात आवरत नाही! पहिल्या आराखड्यात तांबडाच वर होता. समितीतली एक म्हातारी विणकरीण म्हणाली, "माती डोक्यावर घेऊन उभं राहायचं का?" सभा हसली आणि पट्टे बदलले. निळा म्हणजे आकाश, तांबडा म्हणजे माती, मधला पांढरा — त्या दोहोंमध्ये राहणारी माणसे.

शेवटी तळटीप: उलटा ध्वज ही जहाजांची जुनी खूण आहे — आम्ही संकटात आहोत, मदतीला या. तेव्हा बेटा, ध्वज जपून काढावा.

तिचे चित्र कापून, सुलटे चिकटवून सोबत धाडले. जावईबापूंनी लग्नातच सांगितले होते, आमच्याकडे टपाल आधी मी वाचतो. वाचू देत. त्यांच्याही ज्ञानात भर!

१९ फेब्रुवारी

पत्र. दोनच ओळी. ध्वज मात्र बिनचूक — पट्टीने आखलेला! अक्षर वाकडेतिकडे, पहिलीतल्या मुलासारखे. घाईत असावी.

हिने पत्र तीनदा वाचले. जेवली नाही.

९ मार्च

पत्र नाही.

१४ मार्च

उद्याचे व्याख्यान हिला वाचून दाखवत होतो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. संकटाच्या खुणेपाशी आलो, तसे हिचे हात थांबले.

"आणि मदतीला जायचं सोडून कुणी झेंडाच सरळ करून दिला तर?"

मग उमगले — ही खूण ठकीला मीच शिकवली होती. सात वर्षांची होती ती. खडूने जहाज काढून, पुन्हा पुन्हा, तिला पाठ होईपर्यंत.

ती विसरली नव्हती. मी विसरलो.

"चपला घाला," ही म्हणाली. "व्याख्यान राहू दे."

१६ मार्च

ठकीला घरी घेऊन आलो. उजव्या हाताला प्लास्टर. तिनेच सांगितले — हळू आवाजात, माझीच समजूत काढावी तसे —

"बाबा, तुम्ही इतकं नीट समजावून लिहिलं होतंत, की त्यांना लगेच कळलं."