आहेर नाही, फोटो!

१८ नोव्हेंबर

दिशाच्या बोर्डाचा मजकूर अखेर ठरला — ‘तुमच्या मोबाईलमधलं आमचं लग्न आम्हालाही दाखवा! कोड स्कॅन करा, फोटो टाका.’ परक्यांच्या लग्नाचे बोर्ड मी चहा पिता पिता करते. धाकट्या बहिणीचा आठवडाभर अडून बसला होता.

आईने वाचून विचारलं, आहेर यातच टाकायचा का? तिचं चुकत नाही. गेल्या लग्नसराईत एका आजोबांनी पैसे जात नाहीत म्हणून मला धारेवर धरलं होतं. म्हणून खाली ठळक जोडलं — ‘आहेर नाही, फोटो!’ दिशा हसली नाही. एरवी खिदळली असती.

असा पहिला बोर्ड मी स्वतःच्या लग्नाला केला होता. दरवेळी तीच फाईल उघडते, नावं बदलते, नवा कोड बसवते. त्या पहिल्या कोडने उघडणारा आमचा अल्बम मात्र योगेश गेल्यापासून उघडलेला नाही.

२० नोव्हेंबर

पिंपळगावहून जीवनरावांचा फोन. दिशाचा होणारा नवरा, माझे मेहुणे. घरचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज, त्यामुळे आई त्यांच्याशी फोनवर बोलतानासुद्धा पदर सावरते. म्हणाले, पाहुण्यांनी टाकलेले फोटो आधी मला दिसले पाहिजेत. मी हो म्हणेन तेच बाकीच्यांना. दिशाच्या कॉलेजच्या पोरांचा एकही नको. मी म्हटलं, बोर्ड दारात असतो, येईल तो स्कॅन करतो. तर म्हणाले, मग तुम्ही दारात थांबा!

दिशाला सांगितलं. म्हणाली, ‘साखरपुड्यापासून माझा फोनही बघतात. रोज.’ मी म्हटलं, नव्याची नवलाई नऊ दिवस.

२३ नोव्हेंबर

आईने आज सांगून टाकलं. हळदीला मी हात लावायचा नाही. मांडवात पुढे पुढे करायचं नाही. विधवेने जेवढं करायचं तेवढंच. ‘तू आपली बोर्डापाशी थांब. काम बी होईल, अन् कोणी नावं बी ठेवणार नाय.’ नाना तिथेच बसले होते. बाप असून पेपरात डोकं घालून.

दिशाला हळद मीच लावणार, हे आमचं लहानपणापासून ठरलेलं. या लग्नात मला दुसरं काहीच नको होतं. ती माझ्याजवळ असावी, मी तिच्याजवळ. बस.

दिशा म्हणाली, ताई नसेल तर मला लग्नच नको. आई म्हणाली, पत्रिका वाटून झाल्या. संपला विषय.

२५ नोव्हेंबर

दिशा विचारत होती, लग्न मोडलं तर बोर्डाचं काय करतेस? म्हटलं, मागची बाजू कोरी असते, त्यावर दुसऱ्यांचं लग्न लावते. तिला हसवायला बोलले. ती म्हणाली, तुझ्याकडे सगळ्याला उपाय असतो.

२६ नोव्हेंबर

फाईल छापायला गेली. रविवार कारंजा चौकातला छपाईवाला सारखा फोन करत होता आणि इकडे मळ्यात झेंडूच्या तोडणीला माणूस कमी. दिशा म्हणाली, तू जा, मी पाठवते. लॅपटॉप तिच्या हवाली केला. नवरी स्वतःचा बोर्ड स्वतः पाठवते — आईला कळलं तर त्यातही काहीतरी काढेल.

२९ नोव्हेंबर

हळद झाली. मी गच्चीवर होते.

३० नोव्हेंबर

कसं लिहू?

लॉनच्या दारात बोर्ड, शेजारी मी. सगळ्यांत आधी जीवनरावांच्या आत्याने कोड स्कॅन केला. मोबाईलवर नवरानवरी आले. मुंडावळ्या बांधलेली मी. आणि योगेश. हसतोय.

बोर्डावर जुना कोड होता. माझ्याच लग्नाचा! छापून आल्यावर मी रंग बघितला, कडा बघितल्या, नावं दोनदा वाचली. कोड मात्र एकदाही स्कॅन करून बघितला नाही.

आत्याबाई तो मोबाईल घेऊन साऱ्या वऱ्हाडात फिरल्या. ‘मेलेल्या माणसाचं लग्न दाखवता का आम्हाला?’ अपशकुन, अपशकुन सुरू झालं. वरपक्ष उठून बाहेर आला. नाना त्यांच्या पाया पडले. माझ्यामुळे.

शेवटी जीवनराव म्हणाले, लागू द्या लग्न. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं — ‘पण ही बाई आमच्या उंबऱ्याला दिसता कामा नये.’ अक्षता पडल्या.

दिशा नवरीच्या खोलीच्या दारातून सगळं बघत होती. रडत नव्हती. वऱ्हाड परत आत वळलं तेव्हा मात्र मटकन खाली बसली.

१ डिसेंबर

आई एवढंच बोलली, ‘तुझं झालं, आता तिचं तरी नीट होऊ द्यायचं.’

सगळ्या वऱ्हाडाने योगेशला बघितलं. माझ्या वाट्याला एक क्षणच आला. लॅपटॉप उघडायची हिंमत होत नाही. बहीण मी स्वतःच्या हाताने गमावली.

३ डिसेंबर

दिशाला फोन केला. जीवनरावांनी उचलला. ती कामात आहे म्हणाले. पुन्हा केला. पुन्हा त्यांनीच उचलला.

५ डिसेंबर

मांडवपरतणी. दिशा दुपारी येऊन संध्याकाळी परत जाणार. सोबत त्यांचा ड्रायव्हर, म्हणून मी वरच थांबायचं. पुरणाचा वास जिन्यापर्यंत आलाय.

५ डिसेंबर, संध्याकाळ

दिशाच वर आली. म्हणाली, ‘ताई, कोड मी बदलला.’

मला भरून आलं. म्हटलं, मला मांडवात येऊ देत नव्हते म्हणून केलंस होय गं?

‘नाही. वाटलं, अपशकुन म्हणतील आणि वऱ्हाड माघारी नेतील. माझं तर कोणीच ऐकत नव्हतं. तुझं दुःख वापरलं मी. तरी नाही गेले.’

थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही होता. ती म्हणाली, ‘स्टोरेजला जाताना मला खोलीत कोंडून जातात.’

खाली हॉर्न वाजतोय. आई दार ठोठावतेय, पाठव म्हणतेय. मी दाराला पाठ लावून लिहितेय. दिशा माझ्या गादीवर झोपली आहे. मी तिला उठवणार नाही.