उंदराची मोजणी

भोकरदन, १२ फेब्रुवारी २००३

प्रिय शैला,

पहिल्या तारखेला बेंगळुरू कायमचं सोडून येतेस, हे मी मोठ्यानं वाचलं, तर तुझ्या आईनं पत्र हातातून ओढून पुन्हा स्वतः वाचलं. माझ्या वाचनावर तिचा भरवसा नाही. तेव्हापासून घरात नुसती धांदल आहे. स्वयंपाकघराला आणि तुझ्या खोलीला चुना मारून झाला. जालन्याच्या कॉलेजात मी चौकशी करून आलो, जूनपासून शिकवायची जागा आहे.

तुझं काम मी दिवाळीत तुझ्याकडून दोनदा समजून घेतलं आणि गावाला चारदा समजावलं. उंदराच्या मेंदूचे पापडाहून पातळ काप करायचे, कुठल्या भागात कुठल्या प्रकारच्या पेशी, त्यांच्यात कुठली रसायनं, ते रंगवून कॉम्प्युटरवर नकाशा मांडायचा. तीस वर्षं मोजणीदार म्हणून शिवारं पालथी घातलेल्या माणसाला यात न कळण्यासारखं काय आहे? शेजारचे कडूबा मात्र म्हणाले, "साहेब, उंदराच्या डोक्यात येवढे मोहल्ले कशाला पायजेत? तो तर बिलकुल सरळ माझ्या ज्वारीवर येऊन राह्यला." त्यात मी सांगून बसलो की, तुम्ही उंदराच्या एकाच बाजूच्या मिशा कापता आणि मेंदूच्या दोन बाजूंत काय फरक पडतो ते बघता. आता मी दिसलो की कडूबा मिशीवर हात ठेवतात.

आठ महिने झाले तरी तो फरक निघत नाही, दोन्हीकडे रंगांची खिचडीच येते, तुझ्या सरांनी काम बंद करायला सांगितलं, असं तू लिहिलंस. अक्षर बारीक काढलंस, म्हणजे रडत लिहिलंस, एवढं मला कळतं. फार वाईट वाटलं गं. पण खरं सांगतो, तू घरी येणार म्हणून आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

आता ऐक. दिवाळीत तू रद्दी म्हणून टाकून गेलेले नकाशे, एका पानावर एक काप, आईनं फळीवर लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरले होते. शनिवारी चुना मारायला बरण्या उतरवल्या आणि मी ती पानं ओळीनं जमिनीवर मांडली. जुनी खोड. मोजणीत आधी हद्दीचा दगड शोधायचा. तुझा दगड म्हणजे बाजू चुकू नये म्हणून कापण्याआधी मेंदूच्या डाव्या अंगाला टोचलेलं सुईचं भोक, हे तूच सांगितलं होतंस. बावीस नंबरपर्यंत भोक एका बाजूला आहे. तेवीस ते एकतीस, दुसऱ्या बाजूला! हे नऊ काप काचेवर उलटे बसलेत, शैला. मेंदू दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून कॉम्प्युटरनं ते निमूट जुळवून घेतले. ती नऊ पानं उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, तर जिथं जिथं रंग फिका पडलाय तो भाग सगळा एका बाजूला गेला. तुझा फरक निघतोय, बाई.

हे मला शनिवारीच कळलं होतं आणि आज बुधवार आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण तुला हे कळलं तर तू घरी येणार नाहीस, म्हणून चार दिवस गप्प बसलो. उभ्या नोकरीत कुणाच्या हद्दीचा दगड लपवला नाही, तो पोटच्या पोरीचा लपवला. आज सकाळी राहवेना, आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मंग बसलात काय? जल्दी लिहा तिला, येऊ नको म्हणावं," आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा मळायला लागली. तर तिकीट रद्द कर आणि आधी काचा तपास. सरांना माझं नाव सांगायची गरज नाही, सांगितलंस तर कडूबांना दाखवायला सरांचं पत्र मात्र पाठव. नऊ पानं सोबत आहेत. त्यांवर पिवळे डाग दिसतील, ते लिंबाच्या लोणच्याचे आहेत, नव्या प्रकारच्या पेशी म्हणून नोंदवू नकोस.

तुझाच, चार दिवस उशीर केलेला,
बाबा