मामांनी सांगितलेला भाचा

मु. दिवेआगर, बाबाजींची वाडी
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३

तीर्थस्वरूप (असाल तर) रावजीमामा यांचे सेवेशी,

रामचंद्राचा (असलो तर) शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही माझे मामा आहात असं इथली मंडळी एकमुखानं सांगतात, म्हणून साष्टांग घातला आहे. नसाल, तर त्यातला साधा नमस्कार ठेवून घ्या आणि उरलेला परत पाठवा. प्रकृती कशी आहे? माझ्या साखरपुड्याला निघायच्या दिवशीच तुमच्या पोटात कळ आली आणि तुम्ही किहीमलाच राहिलात, असं मला सांगण्यात आलं. कळ थांबली असेल अशी आशा आहे. (मला तुमचं पोट आठवत नाही तरी त्याची काळजी वाटते, यावरून नातं असावंसं वाटतं. पण हा पुरावा धरता येत नाही.) मामींनाही नमस्कार. मामी आहेत की नाहीत ते कळवावं.

माझ्या डोक्याची हकीकत अशी. मी मुंबईहून बोटीनं श्रीवर्धनला आलो म्हणे. तिथं बोट समुद्रात उभी राहते, उतारू पडावात उतरतात, आणि पडावही कमरेएवढ्या पाण्यात थांबत असल्यामुळे पुढं खलाशी त्यांना खांद्यावर बसवून वाळूत नेऊन ठेवतात. बायका, म्हातारे, तान्ही पोरं असे सगळे बिनबोभाट खांद्यावरून जातात. मी मात्र खांद्यावर बसल्या बसल्या आधी टोपी सावरली, मग धोतर सावरलं, मग ट्रंक नीट धरा म्हणून मागं वळून ओरडलो, आणि त्या वळण्यात खलाशी एकीकडे आणि मी एकीकडे झालो. डोकं पडावाच्या कडेवर आपटलं. बाबाजींनी (हे मुलीचे वडील) जावयाला आणायला बैलगाडी पाठवली होती, तिच्यात मला घातलं, आणि शुद्धीवर आलो तो या घराच्या ओटीवर. मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

आता कोणीही शहाणा माणूस अशा वेळी विचारील तेच मी विचारलं, की माझं नाव काय. तर ते कोणी सांगेना. सगुणाबाई (ह्या मुलीच्या आई) म्हणाल्या, जावईबापू, जावयाचं नाव का कुणी घेतं? कमळ (ही मुलगी) दाराआड होती. तिला विचारलं तर ती आत पळाली, कारण तिनं तर ते मुळीच घ्यायचं नसतं. बाबाजी मला पाहुणे म्हणतात. नामा पाडेकरी, जो वाडीतली सुपारी उतरवतो, तोही पाव्हनं म्हणतो. बरेच दिवस मी जावईबापू ह्याच नावानं स्वतःचा विचार करीत होतो. शेवटी पडावाचा तांडेल (म्हणजे खलाशांचा म्होरक्या) नजमुद्दीन समाचाराला आला आणि अंगणातूनच म्हणाला, "रामचंदरभाई, खुदाचा शुकर, उठून बसलात. आमच्या पडावाची फळी मात्र तडकली." त्या सद्गृहस्थामुळे मला नाव मिळालं. फळीबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली.

मग वेणूबाई आल्या. ह्या गावच्या सुईण, आणि जन्माखेरीज इतर दुखण्यांवरही औषध देतात. त्यांनी माझं टेंगूळ दाबून पाहिलं (मी ओरडलो, त्याची त्यांनी मान हलवून नोंद घेतली) आणि सांगितलं, की आठवण डोक्यातून गेली तरी अंगात राहते. माणूस पूर्वी जे करत होता ते त्याच्याकडून करवून घ्या, आठवण आपोआप वर चढेल. झालं. तुम्ही मध्यस्थ म्हणून इथं आला होतात तेव्हा झोपाळ्यावर बसून, दोन वेळचं जेवण जेवून, भाच्याचे जे गुण वर्णन केलेत ते बाबाजींना तोंडपाठ आहेत. भाचा किहीमच्या किनाऱ्यावरून पोहत निघतो तो खांदेरीच्या बेटाला पाय लावून परत येतो. भाचा गातो तेव्हा देवळात पुजारी आरती विसरतो. आणि भाचा एका पोफळीवर चढला की जमिनीला पाय न लावता साऱ्या वाडीची सुपारी उतरवतो. बाबाजींनी मुलगा न पाहताच मुलगी दिली ती ह्या शब्दांवर. आता ह्याच शब्दांवर ते मला बरा करणार होते.

पहिल्यांदा पोहणं. वाडीतल्या विहिरीवर सगळी मंडळी जमली. मी पाण्याकडे पाहिलं, काही आठवलं नाही. पण रावजी खोटं कसं बोलतील, असं बाबाजी म्हणाले आणि मलाही ते पटलं. (ज्याला स्वतःबद्दल काहीच ठाऊक नाही त्यानं दुसऱ्यावर विश्वास ठेवू नये तर काय करावं?) मी उडी मारली. अंगात पोहणं असेल तर ते फार खोल असावं, कारण मी तळापर्यंत गेलो तरी सापडलं नाही. वर येताना हाताला रहाटाची माळ लागली ती धरली, नामानं बैल हाकला, आणि लोट्यांबरोबर मीही वर येऊन पाटात ओतला गेलो. तिथून केळींच्या आळ्यापर्यंत वाहत गेलो. बाबाजींनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, अरेरे, केवढा पोहणारा होता.

एकादशीला गाणं झालं. त्याबद्दल मी लिहीत नाही. मंडळी सभ्य आहेत, बसून राहिली. गोठ्यातल्या गाईला मात्र सभ्यता शिकवलेली नव्हती, ती दावं तोडून समुद्राकडे गेली.

राहिली पोफळ. तुम्हांला मी काय सांगावं, पण माझी भीती कळावी म्हणून सांगतो. मांडीएवढं खोड, सरळ आभाळात गेलेलं, धरायला एक फांदी नाही. पाडेकरी पायांत दोरीचा फास अडकवून वर जातात, शेंड्याला झोके देतात, आणि झाड वाकलं की शेजारची पोफळ पकडून तिकडे जातात, म्हणजे दर झाडाला चढउतार नको. नामाच्या मदतीनं (म्हणजे तो खालून डोक्यानं ढकलत असता) मी शेंड्याला पोचलो. झोका दिला, झाड वाकलं, मी शेजारची पोफळ हातांनी पकडली. इथवर मला वाटलं, आली आठवण. पण पाय पहिल्या झाडाच्या फासात तसेच अडकलेले. दोन झाडांच्या मध्ये मी धोतर वाळत घालावं तसा आडवा राहिलो. नामा म्हणाला, "पाव्हनं, हलू नका, मी दोर आनतो," आणि गेला. (वाटेत त्याचं घर लागतं आणि ती जेवणाची वेळ होती.)

खाली कमळ सुपारी सोलत बसली होती. तोवर आमचं बोलणं झालं नव्हतं. तिनं वर न बघता विचारलं, उतरता येत नाही का? मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, उतरायला आठवण लागत नाही, पाय मोकळे लागतात. मग तिनं इकडं तिकडं पाहिलं, पदर खोचला आणि सरसर वर आली. एवढ्या उंचीवर मी मुलगी प्रथमच पाहत होतो. (आठवणीप्रमाणे मी कुठल्याच उंचीवर मुलगी पाहिलेली नाही, पण ते असो.) फास सोडवताना ती घामाघूम झाली होती आणि मला चांगला दमात घेत होती, आणि मामा, मला ती फार आवडली. असं पत्रात लिहू नये असा रिवाज असेल. मला रिवाज आठवत नाहीत, ही एक सोय आहे. तेव्हापासून ती दुपारी ओटीवर सुपारी सोलायला बसते आणि मी सालं वेगळी करायला बसतो. ती मला वाडीतल्या सगळ्या झाडांची नावं सांगते, माझं तेवढं सांगत नाही.

आता माझी अडचण नीट ध्यानात घ्या. तुमचा भाचा पोहतो, मी बुडतो. तो गातो, माझ्यामुळे गाय जाते. ट्रंकेतला कोटसुद्धा माझ्या पोटावर बसत नाही. (सगुणाबाई म्हणतात तो त्यांच्या हातच्या आंबोळ्यांचा परिणाम. माझ्या मते तो पुरावा आहे.) ह्यावरून कुठलंही कोर्ट एकच निष्कर्ष काढील, की मी रामचंद्र नव्हे. खरा रामचंद्र कुठंतरी लाटांवर गात असेल आणि मी त्याच्या आंबोळ्या खातो आहे. मी प्रामाणिक माणूस आहे (असावा), दुसऱ्याच्या नवरीशी साखरपुडा करणार नाही. पण तिला सोडून जायचं म्हटलं की घास उतरत नाही. तेव्हा पोट बरं असो वा नसो, तुम्ही या, मला नीट पाहा आणि चार माणसांत सांगा, हा माझा भाचा आहे की नाही. नाही म्हणालात तर त्याच पावली निघून जाईन. कुठं जाईन ते मात्र ठाऊक नाही.

आपला (बहुधा) भाचा,
रामचंद्र (ऐकीव)

ता. क. वरील पत्र पुरं करून उठताना डोकं झोपाळ्याच्या कडीवर आपटलं आणि सगळं आठवलं. मी रामचंद्रच आहे. तुम्ही मामाच आहात. मामी आहेत, त्यांना पुन्हा नमस्कार. मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं, हे तुम्हांला माझ्या मुंजीपासून ठाऊक आहे. कळ पोटात नव्हती हेही आता माझ्या ध्यानात आलं. मामा, हे फार वाईट झालं. आठवण नव्हती तोवर माझे गुण हरवलेले होते, लोक हळहळत होते. आता ते मुळातच नव्हते असं ठरेल आणि बाबाजी मला गाडीत घालून परत पाठवतील. अजून मी कोणाला बोललो नाही, नवं टेंगूळ टोपीखाली आहे. तुम्ही ताबडतोब या आणि जे सांगितलंत ते खोटं होतं असं कबूल करून सगळा दोष आपल्या डोक्यावर घ्या. मला कमळ हवी आहे. (तिच्याबद्दल तुम्ही मला काय सांगितलं होतंत तेही आठवलं. मुलगी म्हणजे गरीब गाय, वर मान करून बोलत नाही, हातच्या पुरणपोळीला तोड नाही. पोफळीवर चढते हे सांगितलं नव्हतंत.)

आ. ता. क. सौ. मामींना व रावजीमामांना कमळचा नमस्कार. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. भाताच्या शितानं चिकटवलेलं असल्यामुळे ते आपोआप उघडलं. तुम्ही कबूल करायला येऊ नका. एकदा खरं बोलायला लागलात की तुम्ही त्यांच्यावर थांबणार नाही, माझंही निघेल. पुरणपोळी मी जन्मात केलेली नाही, आई करते आणि माझं नाव सांगते. टेंगूळ मी पाहिलं आहे. वेणूबाईंनी आज बाबांना सांगितलं, की अशा मारात आठवण परत येते, पण अंगातले गुण जातात ते कायमचे जातात. (हे सांगा असं त्यांना मीच सांगितलं.) बाबांना फार वाईट वाटलं, पण डोळे पुसून त्यांनी साखरपुडा पुढच्या शुक्रवारी धरला आहे. मला हेच हवेत. तेव्हा तुम्ही मामींना घेऊन बोटीनं या, पोटभर जेवा, आणि कृपा करून आम्हां दोघांबद्दल आता काही चांगलं बोलू नका.