सतरा नंबरचं नाव

१ ऑक्टोबर २००३, कुलसारी, कझाकस्तान

नाही म्हणाले! आठवड्यातलं हे तिसरं 'नाही'.

"इंग्रजी येतं?" — नाही. "संगणक?" — नाही. "मग काय येतं?" म्हटलं, सोळा वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. तेल कंपनीच्या कचेरीतला तो तुळतुळीत गालांचा गृहस्थ हसला. "तेल कुठे आहे ते आम्हाला सापडलंय, बाई!"

ह्यांचं वेल्डिंगचं कंत्राट ऑगस्टमध्ये संपलं. बर्फ पडायच्या आत दोघांपैकी एकाला काम मिळालं नाही तर घरभाडं झेपणार नाही, परत आरालला जायचं. तिथे समुद्र हटला आणि माझी शाळा बंद झाली. सासूबाई म्हणतात, "परतीचं नाव काढू नकोस. आधी गाव सोडलं, मग शहर सोडलं. आता तिसऱ्यांदा उचलाल ते थेट कबरीत ठेवायला."

आणि तरी हे गाव मला आवडतं, खोटं कशाला बोलू! आज नाक्यावर एक उंटीण रस्त्याच्या मधोमध पिल्लाला पाजत उभी होती आणि अकरा टँकर मुकाट थांबलेले. एकानेही भोंगा वाजवला नाही. एवढी घाई असलेल्या गावात! मी नुसती बघत राहिले.

३ ऑक्टोबर

भरतीच्या फाटकापुढे दोन तास रांग. एक धटिंगण मधे घुसला. मी ओरडले — "ओ महाराज! रांग मागून सुरू होते!" वर्गात ओरडायची तसं. रांग चिडीचूप! खिडकीतून एक बाई डोकावल्या. "आवाज कुणाचा तो?" मला वाटलं, संपलं. "माझा." "वर या."

त्या क्लाराबाई. कंपनीच्या गाड्यांना रेडिओवरून वाटा सांगणाऱ्या खोलीच्या प्रमुख. रेडिओचा माईक पुढे ठेवला आणि नकाशावर काठी टेकवली. "इथून इथवर कसं जाल?" अहो, नकाशा! मला! घडाघडा सांगितलं.

४ ऑक्टोबर

नोकरी! महिनाभर पारखून घेणार, मग पक्की. सासूबाईंनी बाउरसाक तळले, चार घरी वाटले आणि वर म्हणाल्या, "एवढं काय त्यात, आवाज तर तिला आधीपासून आहे."

८ ऑक्टोबर

बेचाळीस गाड्या. टँकर, क्रेन, कामगारांच्या बसगाड्या. क्लाराबाई डोळे मिटून चहा पितात आणि म्हणतात, "दोसान, दुसरा गिअर सोड, कण्हतेय ती." रेडिओतून! मागचा आवाज ऐकून! मी थक्क.

आणि ही माणसं! इथल्या तेलाबरोबर जो वायू येतो तो दोन श्वासांत माणूस आडवा करतो. म्हणून प्रत्येकाच्या कमरेला मुखवटा, आणि दाढी कुणालाच नाही, मुखवटा गालाला चिकटून बसला पाहिजे. चाळीस वर्षं जपलेली मिशी उतरवून आलेले म्हातारे आहेत. तरी दिवसभर थट्टा चालू. कशाने बनलीत ही माणसं, देव जाणे.

क्लाराबाईंचा नियम: हाक नावाने मारायची. नंबराने नाही. "गाड्या बदलतात. नाव बदलत नाही."

९ ऑक्टोबर

सतरा नंबरच्या पाण्याच्या टँकरवाल्याचं नाव आणि माझ्या सासऱ्यांचं नाव एकच. बाई गं!

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ते नाव ओठांवर आणलेलं नाही. इथेसुद्धा लिहिणार नाही. सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली म्हणून काय? सुनेने घ्यायचं नाही म्हणजे नाही. पहिल्या वर्षी एकदा चुकून निसटलं होतं. सासूबाई जेवणावरून उठल्या. पुरे झालं तेवढं. त्यांनी स्वतः सासरच्या नऊ वडीलधाऱ्यांची नावं जन्मभर टाळली, आणि नवऱ्याचं तर कधीच नाही. शेजारच्या वर्गात त्या नावाचा मुलगा होता, त्याला मी 'खिडकीजवळचा' म्हणायची.

तर आज म्हटलं, "सतरा, तेलविहीर नंबर नऊला पाणी." झालं. चाललं.

१४ ऑक्टोबर

नाही चाललं. सतरावाले आज चहाला आले. पन्नाशीचा माणूस, पोट पुढे, तोंड त्याच्याही पुढे. "काय हो वहिनी, दोसानला दोसान, येर्मेकला येर्मेक, आणि आम्ही काय नुसता आकडा? आमच्या आईने बारशाला मेंढा कापला होता हो!" सगळे हसले. मी पण हसले. मनातून मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला माणूस आहे. रोज सकाळी रेडिओवर सगळ्यांना शुभेच्छा देतो, क्रेनला पण.

१९ ऑक्टोबर

क्लाराबाईंनी बाजूला घेतलं. कारण सांगितलं त्यांना. हसल्या नाहीत. "माझी आईही तशीच होती," म्हणाल्या. "पण इथे लाज सांभाळायची का जीव? महिनाअखेरपर्यंत ते नाव नीट घेता आलं तर थांबा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." त्यांचं चुकलं नाही. तेच तर वाईट आहे ना!

ह्यांना म्हटलं, आईंना विचारा, मला मोकळीक देतील का. मोठ्यांनी शब्द दिला तर चालतं. हे म्हणाले, "तू विचार." — "आई तुमची!" — "म्हणून तर!" दोघंही भित्रे, जोडा छान जमलाय.

२१ ऑक्टोबर

विचारायलाच गेले होते. सासूबाई ओट्यावर बसून शेजारणीच्या उंटिणीच्या दुधाचं शुबात घुसळत होत्या. इथे येऊन सात महिने झाले. मासे सोडून दुसरं काही न शिकलेली ही बाई आता शुबात विकते, आणि पंचक्रोशीत तिच्यासारखं कुणाचं होत नाही. गुडघे धरलेत, तरी पहाटे उठते. कधी हूं की चूं नाही. मला हिच्या नखाचीही सर नाही!

"काय गं?" — काही नाही, म्हटलं. मीठ हवं होतं.

२५ ऑक्टोबर

न्हाणीघरात नळ सोडून ते नाव म्हणून बघितलं. पहिलं अक्षर आलं. पुढे नाही.

२९ ऑक्टोबर

सकाळी अकराला नऊ नंबरच्या विहिरीवरून भोंगा. वायू सुटला! विहिरीवरची माणसं मुखवटे घालून वाऱ्याच्या उलट दिशेला निघाली, तसा त्यांचा निरोपही आला. क्लाराबाई बैठकीला, खोलीत मी एकटी. रस्त्यावरची प्रत्येक गाडी अडवायची. अडवली. दोसान, थांबा! येसेत, मागे! एकेक करून सगळे. नऊकडे पाणी नेणारा टँकर तेवढा राहिला.

"सतरा, मागे फिरा! सतरा!"

"मी तर गोदामापाशी उभा आहे, बाई." — आवाज येर्मेकचा! सतरा नंबर सकाळीच येर्मेकला दिलेली. सतराचा नेहमीचा माणूस दुसरी कुठलीतरी गाडी घेऊन गेलेला. कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. सतराला मारलेली हाक तो आपली कशाला समजेल? आणि वारा त्याच्याच रस्त्यावर.

उभी राहिले आणि ओरडले. नाव. पुरं, खणखणीत, तीनदा. मागे फिर, म्हटलं. अहो-जाहो पण नाही!

क्षणभर नुसती खरखर. मग — "ऐकलं, वहिनी. फिरतोय."

दीड किलोमीटरवर होता. विहिरीवरचेही सगळे सुखरूप. दुपारी खोलीत आला, तीन वाट्या चहा प्यायला. म्हटलं, "आज टोमणा नाही?" म्हणाला, "उद्या मारतो, वहिनी. आज राहू दे." मग दोघंही रडलो.

३० ऑक्टोबर

इथे प्रत्येक गॅरेजात रेडिओ. संध्याकाळपर्यंत गावभर. शेजारची दामेतकेन कुंपणावरूनच ओरडली म्हणे — "ऐकलंस का, तुझ्या सुनेने तुझ्या नवऱ्याचं नाव अख्ख्या माळावर घेतलं!"

सासूबाईंनी किटली माझ्या हातून काढून घेतली, स्वतः चहा ओतला. माझी वाटी काठोकाठ भरली. आमच्यात चहा थोडाथोडा ओततात, म्हणजे बैस, अजून घे. काठोकाठ म्हणजे पी आणि चालती हो.

प्याले. जाणार कुठे!

१ नोव्हेंबर

नोकरी पक्की. फोटोचा बिल्ला मिळाला. क्लाराबाईंनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "आवाज मी ओळखला होता." आयुष्यात कुणाकडून शाबासकी घ्यावी तर ह्या बाईकडून!

घरी सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. हे म्हणाले, "आई, तिने माणूस वाचवलाय." — "मी काही म्हटलं का?" — "म्हणत नाहीस म्हणूनच तर भीती वाटते!" तरी काही नाही. तीन दिवस झाले. नोकरी मिळाली, घर गेलं, असं वाटतंय.

२ नोव्हेंबर

हे बाजारात गेले होते. सासूबाईंनी दार लावून घेतलं. "रेडिओवर म्हटलंस ते इथे म्हण."

मी पायाशी बसले, माफी मागायला लागले. "माफी कोण मागतंय? गावात त्यांच्या नावेवरचे सोबती होते, ते गेल्यावरही दिवसातून दहादा त्यांचं नाव काढायचे. गाव सोडून सहा वर्षं झाली. लेक बाबा म्हणतो. तू घेत नाहीस, मला घेता येत नाही. सहा वर्षांत ते नाव माझ्या कानांवर पडलेलं नाही, सूनबाई. दामेतकेनने ऐकलं, सगळ्या गावाने ऐकलं — मी सोडून."

म्हटलं. सागिंदिक.

"हळू नको. तिथे ओरडलीस तसं."