रिंगमाफीचा अर्ज

गंगापूर रोड, नाशिक
बुधवार, २८ ऑगस्ट २००२

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी त्र्यंबकचा साष्टांग दंडवत. (गुडघ्यांमुळे हल्ली प्रत्यक्षात पाचच अंगे टेकतात, उरलेली तीन कागदावर टेकली असे समजावे.)

आपली प्रकृती, आपला दमा आणि मनमाड स्टेशनातल्या गाड्यांचा उशीर हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे ज्योत्स्ना ठीक आहे. तुम्हाला तिने नमस्कार सांगितला असून कढीपत्ता कोणी न्यायला आले तर द्यायचा आहे असेही सांगितले आहे.

पत्रास कारण की, माझ्यावर एक घोर अन्याय होत असून तो आपल्या कानावर घालावा. गेल्या अकरा महिन्यांत मी सकाळचा चहा एकदाही गरम प्यायलेलो नाही. ज्योत्स्ना पावणेसातला कप समोर ठेवते. मी कपाकडे पाहत नाही, टेलिफोनकडे पाहतो. तो वाजला की उचलायचा नाही, फक्त मोजायचे. दोन रिंगा झाल्या आणि थांबल्या, की मी श्वास सोडतो आणि कप उचलतो, तोवर त्यावर साय धरलेली असते. बावीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून जे वैराग्य अंगी आले नाही ते या सायीने आणले. ज्योत्स्ना म्हणते, कप फोन वाजल्यावर ठेवते. पण मग फोन वाजेपर्यंत हातात धरायला काही उरत नाही.

हा फोन आमच्या ज्येष्ठ मंडळाचा. मी बावन्न वर्षांचा असून साठीच्या वरच्यांच्या मंडळाचा सचिव कसा, हे आपण मागे छद्मीपणे विचारले होते. तीन वर्षांपूर्वी मी तिथे सुभाषितांवर व्याख्यान द्यायला गेलो. मंडळाची खोली सोसायटीच्या मीटररूमवर, उभ्या लोखंडी जिन्याने जायचे. व्याख्यान संपल्यावर पाहतो तर श्रोते सगळे खाली अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, वर मी एकटा बोलत होतो. त्यांच्या लक्षात आले की याला जिना चढता येतो. दप्तर वर, म्हणून सचिवही वर जाणारा हवा; एकमताने निवड झाली. वाढदिवस, भेंड्या, महिन्यातून एकदा रक्तदाब तपासणी, असा बिनधोक संसार चालला होता.

मग गेल्या सप्टेंबरात पुंजानाना न्हाणीघरात पडले. पुंजानाना म्हणजे निफाडकडचे निवृत्त तलाठी, वय अठ्ठ्याहत्तर, बायको गेलेली, मुले परगावी. खुब्याचे हाड मोडले आणि दीड दिवस माणूस तिथेच पडून. बादलीतले पाणी ओंजळीने पीत राहिले. दाराशी दुधाच्या दोन पिशव्या साठल्या तेव्हा कोणाला तरी शंका आली. वाचले, आता काठी घेऊन चालतात आणि ती दुसऱ्यांच्या पायावर टेकवतात. पण त्या दिवसापासून मंडळातल्या एकट्या राहणाऱ्या बारा जणांच्या मनात एकच प्रश्न बसला, की आपण घरात पडलो तर बाहेर कळणार कसे. (हे वाक्य आपल्याला उद्देशून नाही. ताई गेल्यापासून दोन वर्षे आपणही एकटे राहता, हा केवळ योगायोग.)

तोडगा पुंजानानांनीच काढला. पहिल्याने सव्वासहाला दुसऱ्याला दोन रिंगा द्यायच्या, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे करत बाराव्याने पावणेसातला सचिवाला. फोन उचलायचा नाही म्हणजे पैसे पडत नाहीत. शिवाय प्रत्येकाची एक जादा किल्ली मंडळात. न्यायशास्त्राच्या दृष्टीने योजना निर्दोष होती. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, तसे रिंग आली की आजोबा आहेत. पण शास्त्रकारांनी आपल्या पिढीची एक खोड लक्षात घेतली नव्हती. फोन वाजत असताना तो न उचलणे या मंडळींना जमेना. उचलायचे, ‘कोण बोलतंय?’ विचारायचे, मग गुडघे, मग सून, मग आज भाजी काय. पहिल्या आठवड्यात माझ्या घरी रिंग आली तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली होती. मी शाळेतून पाच वेळा घरी फोन केला होता. शेवटी पुंजानानांनी प्रत्येकाच्या फोनवर विणलेला रुमाल घालून त्यावर ‘उचलू नये’ अशी चिठ्ठी टाचली. आता मुलांचे फोन आले तरी काहीजण उचलत नाहीत.

किल्ल्यांचीही व्यवस्था नानांचीच. नावे लिहिली तर चोराचे फावेल, म्हणून तलाठी दप्तराच्या शिस्तीने प्रत्येक किल्लीला नुसता गट क्रमांक. कोणता गट कोणाचा याची यादी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच डब्यात, गट क्रमांक न घालता. मी शंका काढली, तर म्हणाले, ‘सर, चाळीस वर्षं दप्तर सांभाळलंय म्या. एक कागद हालला नाय.’ (सापडला किती वेळा, हे मी विचारले नाही.)

तर १९ तारखेचा सोमवार. पावणेसात झाले, फोन गप्प. सहा अठ्ठेचाळीस. सहा पन्नास. दाजी, त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर बाराही न्हाणीघरे येऊन गेली. साखळी मधे कुठे तुटली हे शेवटच्या माणसाला कळत नाही, हा या योजनेतला दोष मला त्या क्षणी समजला. उलट्या बाजूने फोन लावत गेलो. बाराव्या लंकाबाई. (सुरगाण्याकडच्या. तीस वर्षे एका प्रसूतिगृहात आया होत्या, आता इथेच एका खोलीत एकट्या राहतात.) त्या म्हणाल्या, ‘मला आली नाय, त मी तुला कशी देऊ मास्तर?’ अकराव्यांचेही तेच, दहाव्यांचेही तेच. वरून आल्याशिवाय खाली द्यायचे नाही, आणि वरून का आले नाही हे विचारायचेही नाही, अशी ही साखळी सरकारी खात्याइतकी बळकट निघाली. सहाव्यापर्यंत सगळे सुखरूप बसून वाट पाहत होते. पाचव्या विमलाबाई. त्यांचा फोन वाजत राहिला, वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

विमलाबाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौऱ्याहत्तर, आमच्या मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर. मी एका पायात माझी आणि एका पायात ज्योत्स्नाची चप्पल घालून मंडळाकडे धावलो. यादी अर्थातच कपाटात, म्हणून डबाच उचलला. जिन्याखाली पुंजानाना काठीसह हजर, लंकाबाईही पदर खोचून आल्या. तिसऱ्या मजल्यावर बेल पाच वेळा वाजवली. दाराला कान लावला. आत काही नाही. मग किल्ल्या. एक लागेना, दुसरी लागेना. नाना कठडा धरून धरून वर आले होते आणि खालच्या पायरीवरून सूचना देत होते, ‘गट तीन घाला, गट तीन.’ तीन लागेना. ‘मग तिचा फेरफार झाला असंल.’ सातवी किल्ली घातली आणि ती आत सरकली, बरोबर बसली. आता फिरवायची होती.

माझ्याच्याने ती फिरवेना. हे मी कोणाला सांगितलेले नाही, ज्योत्स्नालाही नाही. शाळेत मुलांना ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’ पाठ करायला लावणारा मी, घोकंपट्टी चुकली तर पुन्हा म्हणायला लावणारा मी, किल्ली धरून नुसता उभा. लंकाबाईंनी मला कोपराने बाजूला सारले. ‘सर मास्तर तिकडं. जलमलेली बी मीच पुसली आन गेलेली बी मीच पुसली. भ्यायचं काय त्यात?’ आणि दार उघडले.

विमलाबाई देवघरासमोर ताठ बसल्या होत्या. हातात जपमाळ, डोळे उघडे आणि ते आमच्यावर रोखलेले. शाळेच्या व्हरांड्यात पळणाऱ्या मुलींना ते डोळे आठवत असतील. माळ थांबली नाही. त्यांनी डाव्या हाताने शेजारची पाटी ओढली, लिहिले आणि आमच्याकडे फिरवली: ‘चपला बाहेर.’

आम्ही तिघे बाहेर जाऊन पुन्हा आत आलो. माळ पूर्ण झाल्यावर पाटी पुसून दुसरी ओळ उमटली. ‘श्रावणी सोमवार. सूर्यास्तापर्यंत मौन. आसन सोडत नाही.’ मी हात जोडून म्हटले, बाई, मौन मान्य, पण रिंग म्हणजे बोलणे थोडेच? त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे पाहावे तसे पाहिले आणि लिहिले, ‘दोन रिंगा म्हणजे “मी आहे.” सांगितले म्हणजे बोललेच.’ दाजी, शब्दप्रमाणावर मी शिकवण्या घेतल्या आहेत. मी मांडी घालून खाली बसलो. मग पाटीवर चौथी ओळ आली आणि तिने मला संपवले: ‘अर्ज दिला होता.’

मंडळात परतून दप्तर उघडले. अर्ज होता. ‘मा. सचिव यांस, श्रावणातील सोमवारी मौनामुळे मला रिंगमाफी मिळावी व माझ्यापुढील सभासदास रिंग देण्याची पर्यायी व्यवस्था व्हावी,’ ९ तारीख, सुवाच्य अक्षर. त्यावर नानांनी हौसेने करून घेतलेला ‘आवक’चा शिक्का आणि शिक्क्यावर माझी सही. मी तो वाचलाच नव्हता. शिक्का सुबक उमटला होता, सही करावीशी वाटली, केली. (आदल्या सोमवारी, म्हणजे १२ तारखेला, विमलाबाई आपल्या मुलीकडे नगरला होत्या आणि चौथ्याने परस्पर सहाव्याला रिंग दिली होती, म्हणून तेव्हा काही उघड झाले नाही.) नाना म्हणाले, ‘सही तुमची हाय, सर. वाचायचं काम बी तुमचंच.’ आणि काठी माझ्या पायावर टेकवली.

मंगळवारी सभा झाली. विमलाबाई सोमवारचे सगळे साठवलेले बोलल्या. ठरले ते असे: श्रावणातल्या सोमवारी लंकाबाईंनी सहा वाजता स्वतः विमलाबाईंकडे जायचे आणि तिथून सहाव्याला रिंग द्यायची; त्या दिवशी अकराव्याने थेट मला द्यायची. परवा त्या पहिल्यांदा गेल्या. तास झाला तरी परत येईनात म्हणून मी पाहायला गेलो, तर लंकाबाई भिंतीला टेकून सुरगाण्याच्या नागलीपासून प्रसूतिगृहातल्या जुळ्यांपर्यंत सांगत होत्या, आणि विमलाबाई माळ थांबवून ऐकत होत्या. मला पाहताच लंकाबाई म्हणाल्या, ‘जा रे मास्तर. हिच्यासारखी ऐकणारी जलमात भेटली नाय मला.’ विमलाबाईंनी पाटी फिरवली. ‘जुळ्यांचे पुढे काय झाले ते कळू दे. मग या.’

असा हा उद्योग. आता मुद्द्याचे. मंडळाचा वर्धापनदिन तोंडावर आला असून ‘वक्तशीरपणा’ या विषयावर आपले व्याख्यान व्हावे अशी सर्वांची इच्छा आहे. बत्तीस वर्षे रेल्वेत गार्ड म्हणून झेंडी दाखवलेल्या माणसाइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा? श्रोते खाली अंगणातच बसतील, तेव्हा आपल्यालाही जिना चढावा लागणार नाही. येताना चार दिवस राहण्याच्या तयारीने यावे. थोरांना नमस्कार लिहायचा तर आपल्याहून थोर आता आपल्याकडे कोणी उरले नाही, तो आपणच दोनदा घ्यावा.

आपला मेहुणा,
त्र्यंबक

ता. क. – वर्धापनदिन जानेवारीतच झाला. व्याख्यान वगैरे काही नाही. मला हवी आहे ती तुमच्या घराची जादा किल्ली. आणि रोज साडेसहाला माझ्या फोनवर दोन रिंगा द्या. मी उचलणार नाही, एसटीडीचा पैसा पडणार नाही. सुरतेच्या दिनेशला मी विचारले आहे. तो म्हणाला, ‘मामा, बाबा माझं ऐकत नाहीत, तुम्हीच बघा.’

ता. क. २ – फोन बंद असताना रिंगा कशा देणार, असे तुम्ही म्हणाल. तो बंद आहे हे मला माहीत आहे. राखीपौर्णिमेला लावला, शुक्रवारी लावला, शनिवारी दिवसभर लावला. रविवारी सकाळच्या गाडीने मी मनमाडला आलो. तुमच्या दाराला बाहेरून कुलूप पाहून मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. शेजारचे देवराम म्हणाले, ‘उंदरानं वायर तोडलीय, पंधरा दिवस झाले. तक्रार करा म्हणलं त म्हणतात, मला कुणाचा फोन यायचाय?’ मग स्टेशनवर आलो. तुम्ही बाकावर घड्याळ घेऊन बसला होता आणि एका हमालाला गाडी बावीस मिनिटे लेट असल्याचे सांगत होता. मी चहाच्या ठेल्याआड दहा मिनिटे उभा राहिलो आणि नाशिककडची गाडी आली तिने परत गेलो. तिचीही वेळ तुम्ही टिपली असेल. समोर आलो असतो तर रडलो असतो, आणि तुम्ही ते वर्षभर सगळ्यांना सांगितले असते.

ता. क. ३ – दाजी, तुम्ही घरात एकटे पडाल, हाका माराल आणि मला ते दोन दिवसांनी कळेल, याची मला रोज भीती वाटते.